विषय क्रमांक सात: फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा

उमरेडच्या ज्या तालुका समितीच्या मासिक बैठकीचा हा वृत्तान्त आहे, तिच्या पक्षाचे नाव मी हेतुपुरस्सर देत नाही. कारण एक तर अशा बैठका सर्वच पक्षांच्या एका साच्यातल्या असतात, आणि दुसरे असे की सूचनापत्र निघाल्यापासून बैठक भरेपर्यंतच्या आठवड्यात पक्षाचे नाव, चिन्ह आणि अध्यक्ष ही तिन्ही जागच्या जागी राहतील अशी जामीनकी महाराष्ट्रात आज कोणी शहाणा मनुष्य घेणार नाही. तालुका समिती ही संस्था मात्र जुनी, आणि एका अर्थी आमच्याच जिल्ह्यात आकारास आलेली. 1920 च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने नवी घटना मंजूर करून चार आणे वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यापासून प्रांतिक समितीपर्यंत जी उतरंड रचली, तिचेच अनुकरण पुढे बहुतेक पक्षांनी केले. त्या काळी सभासद स्वतःचे चार आणे देत असे. आज सबंध गावाची वर्गणी इच्छुक उमेदवार एकरकमी भरतो आणि सभासदांना आपण सभासद झाल्याची वार्ता मागाहून कळते, एवढाच काय तो फरक.

पहिल्या पाच विषयांचा निकाल झपाट्याने लागला. मागील इतिवृत्त कोणी लिहिलेलेच नसल्यामुळे त्यावर आक्षेप निघण्याचा संभव नव्हता, सबब ते एकमताने कायम झाले. 2019 साली रुंदीकरणासाठी बंद झालेल्या इतवारी-नागभीड छोट्या रेल्वेविषयीचा ठराव सालाबादप्रमाणे संमत झाला. खरा वेळ खाल्ला तो विषय क्रमांक सहाने. नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर कोणाचे छायाचित्र केवढे असावे, याचा ऊहापोह इतक्या सूक्ष्म रीतीने झाला की तितक्या काळजीने एखाद्या न्यायालयाने पुराव्याची छाननी केली असती, तर पुढचा विषय घेण्याचे कारणच उरले नसते.

तो पुढचा विषय प्रदेश कार्यालयाकडून आलेला होता. वरून आलेल्या विषयाला खाली एक ठरावीक आदर असतो: तो वाचला जातो. फौजदारी न्यायात सुधारणा हवी, असे म्हणण्याची राजकीय पक्षांची परंपराही लहान नाही. कारभार करणारा आणि निवाडा देणारा अधिकारी एकच नसावा, ही मागणी काँग्रेसने 1886 सालच्या कलकत्ता अधिवेशनात, म्हणजे आपल्या वयाच्या दुसऱ्याच वर्षी केली. आणि काही प्रांतांनी मधल्या काळात आपापल्या परीने पावले टाकली तरी देशभर एका कायद्याने ती अमलात आली, ती 1 एप्रिल 1974 रोजी. ठराव संमत होणे आणि तो फळास येणे यांत 88 वर्षे गेली, तेव्हा आमची समिती उतावीळ नसते याचे नवल वाटू नये. त्यातही तहसीलदारसाहेब कार्यकारी दंडाधिकारी म्हणून उरलेच, आणि प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर समितीचे निम्मे पदाधिकारी त्यांच्यापुढे शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून देण्यास उभे राहतात. पूर्वी हे कलम 107 खाली चाले, आता 126 खाली चालते. खुर्ची, टेबल आणि बाहेरचा चहावाला पूर्ववत आहेत.

विधी विभागाचे वकीलसाहेब उठले आणि त्यांनी सांगितले की, 1860 चे दंडविधान, 1973 ची प्रक्रिया संहिता आणि 1872 चा पुरावा कायदा हे तिन्ही इतिहासजमा होऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम यांचा अंमल सुरू झाला आहे. दंडविधानाच्या 511 कलमांची 358 झाली आहेत. सभागृहात खरीखुरी हळहळ उमटली. ज्या कार्यकर्त्यांनी कायद्याचे अध्ययन पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या देहावर लागू झालेल्या कलमांतून केले, त्यांची आयुष्यभराची विद्वत्ता एका मध्यरात्री निरुपयोगी ठरली होती.

“वकीलसाहेब, मंग चारशेवीस कुठं गेलं?”

“तीनशे अठरात.”

“म्हंजे आता समोरच्या पार्टीवाल्याले तीनशे अठरा म्हनाव का? कोनाले समजन तरी का, भाऊ?”

यावर कोणापाशी उत्तर नव्हते. त्याहून मोठा क्षोभ झाला तो, किरकोळ गुन्ह्यांसाठी, त्यांत अब्रुनुकसानीही आली, आता समाजसेवेचीही शिक्षा देता येते हे कळल्यावर. ज्यांच्या प्रत्येक फलकावर नावामागे ‘समाजसेवक’ ही उपाधी अखंड झळकत आहे, त्यांना ती सेवा शिक्षा म्हणून, शिवाय कोणीतरी हजेरी घेत असताना करावी लागावी, हा प्रकार सभासदांना सूडबुद्धीचा वाटला. निषेध नोंदवण्यात आला.

मग सुधारणेचा मूळ मुद्दा निघाला. “पोरायवरच्या केसेस वापस कवा होतात?” राजकीय आंदोलनांतील खटले मागे घेण्याची सोय सरकारे वेळोवेळी करतात, जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान 5 लाखांच्या आत असावे, अशा तिच्या अटी असतात. (आमच्या तालुक्यात या मर्यादेपर्यंत पोहोचेल एवढी सार्वजनिक मालमत्ता एका जागी सापडणेच कठीण, ही गोष्ट अलाहिदा.) परंतु वकीलसाहेबांनी येथेही विरजण घातले. नव्या संहितेच्या कलम 360 प्रमाणे खटला मागे घेऊ देण्यापूर्वी न्यायालयाला पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते. नागपूर रस्त्यावरील रास्ता रोकोचा पीडित कोण? वैशाखाच्या उन्हात एसटीत तीन तास अडकून पडलेले झाडून सारे प्रवासी! त्यांतले बहुतेक आपलेच मतदार असल्याचे ध्यानात येताच, त्यांना न्यायालयात बोलते करण्यापेक्षा खटला चालू राहिलेला बरा, असे बैठकीचे मत पडले.

येथे एका सेवानिवृत्त गुरुजींनी, ज्यांना अजूनही बैठकीला बोलावण्याची चूक कार्यालय करीत असते, एक कागद काढून वाचला. 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, आणि गुन्हा फाशीचा वा जन्मठेपेचा नसेल, तर कलम 479 खाली त्याला सोडावे, तसा अर्ज तुरुंगाधीक्षकानेच न्यायालयाकडे करावा, असे कायदा म्हणतो. जुन्या खटल्यांतील बंद्यांनाही तो लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या ऑगस्टमध्ये सांगितले. तेव्हा आपल्या तालुक्यातील असे किती लोक नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात आहेत, कोणाचा अर्ज झाला, कोणाचा जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे तो आतच आहे, याची यादी समितीने करावी, अशी सूचना गुरुजींनी मांडली. बूथवार यादी करण्यात ज्या समितीचा हात धरणारा कोणी नाही, तिला हे काम अवघड नव्हते.

सचिवांनी एकच पृच्छा केली: “हे लोक मतदान करू शकतात का?” लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62 प्रमाणे तुरुंगातील माणसाला मत देता येत नाही, असे वकीलसाहेबांनी सांगताच सूचनेची ‘नोंद घेण्यात आली’.

विषय तेथेच मिटला असता. पण वकीलसाहेबांना ज्ञानदानाचा मोह आवरेना. मत देता येत नसले तरी 2013 च्या दुरुस्तीमुळे कोठडीतून निवडणूक लढवता मात्र येते, असे ते सहज बोलून गेले. बैठकभर डोळे मिटून बसलेले अध्यक्ष ताठ झाले. ज्यांच्या तडीपारीचा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे असे एक उपाध्यक्ष कोपऱ्यातून म्हणाले, “आतून फॉर्म भरता येते म्हनता?” येतो, मात्र विधानसभेचा उमेदवार असल्यास, गुन्हे दाखल नसलेला दुसरा मनुष्य पक्षाला का मिळाला नाही याची कारणे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या आदेशानुसार पक्षाला प्रसिद्ध करावी लागतात, आणि ‘निवडून येईल’ एवढे कारण त्यात चालत नाही.

ही कारणे आगाऊ लिहून तयार ठेवण्यासाठी तीन जणांची उपसमिती नेमण्यात आली, आणि निमंत्रक म्हणून उपाध्यक्षांचीच बिनविरोध निवड झाली. तत्पूर्वी तडीपारीचा हुकूम निघाल्यास उपसमितीच्या बैठका जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे पवनीस घ्याव्यात, आणि जाण्यायेण्याचा खर्च पक्षनिधीतून व्हावा, असे इतिवृत्तात नमूद आहे. हे इतिवृत्त मात्र तेथल्या तेथे लिहून घेण्यात आले.