अंड्याची बाजू कोण घेणार?

आपल्याकडे शालेय वादविवाद स्पर्धेचे विषय ठरलेले असतात. विज्ञान शाप की वरदान, मोबाइल हवा की नको. विज्ञानाच्या भावना दुखावत नाहीत आणि मोबाइल मुख्याध्यापकांना जाब विचारायला येत नाही, म्हणून हे विषय बरे. बाजू चिठ्ठीने ठरते, भाषण आई लिहून देते, परीक्षक आवाजातल्या चढउताराला गुण देऊन चहाला जातात.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांना चिकित्सक विचार आणि नैतिक निर्णय घ्यायला शिकवा असं म्हटलंय. मग त्यांच्याच ताटातला विषय घ्या की! नोव्हेंबर 2023मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. विरोध झाला. जानेवारी 2024मध्ये तोडगा निघाला: पालकांची पसंती विचारा आणि ओळखपत्रावर लाल किंवा हिरवा ठिपका लावा. जानेवारी 2025मध्ये अंड्याचा निधीच थांबला. हवं तर लोकसहभागातून द्या म्हणे. गणपतीच्या वर्गणीला हसतमुखाने दार उघडणारे अंड्याच्या वर्गणीला काय म्हणतील, ते शाळेने बघून घ्यावं.

यात ज्यांनी खायचं, त्यांचं म्हणणं कुठे आलं? म्हणून टाका चिठ्ठ्या. ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नाही, त्या घरातल्या मुलीला अंड्याची बाजू मिळू दे. तिने सांगावं की एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात जेमतेम 1. आणि घरी रात्री भात नि पातळ आमटीवर भागवणाऱ्या वर्गमित्राला या फरकाचं काय मोल आहे. सुकटीचा वास हाताला घेऊन शाळेत येणाऱ्या पोराने अंडं नको म्हणायचं. त्यात जिवाची हिंसा आली, शेजारच्या ताटातल्या वासाने उमळून येणं आलं, आजीने जन्मभर पाळलेला नेम आला. खिल्ली उडवली की गुण कापायचे. न पटणारा मुद्दा दमदार करताना घाम फुटला पाहिजे.

दोनच अटी. ‘आमच्यात चालत नाही’ एवढ्यावर थांबायचं नाही, का चालत नाही ते सांगायचं. आणि ‘ज्याचं त्याला’ म्हणून खाली बसायचं नाही. पातेलं एक, निधी एक. तिथे ज्याचं त्याला म्हटलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. ही पळवाट मोठ्यांनी पुष्कळ वापरली, पोरांना तरी शिकवू नका.

(माझं विचाराल तर अंडं द्यावं, न खाणाऱ्याला केळ्यासोबत मूठभर दाणेही द्यावेत. ठिपका बिस्किटाच्या पुड्याला शोभतो, पोराच्या गळ्यात नाही.)

पालक तक्रार घेऊन येतीलच: पोरांच्या डोक्यात काय भरवताय? पोटात काय भरवायचं हे ठरवताना मात्र ही चौकशी झाली नव्हती.

खरी अडचण निकालाची. मुलं जीव तोडून बोलतील, मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांकडे बघतील, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. मग वरून पत्र येईल: स्पर्धा स्थगित, त्याऐवजी ‘केळ्याचे फायदे’ या विषयावर निबंध घ्यावा आणि अहवाल तीन प्रतींत पाठवावा.