कुटुंबाचे सामान आणि पॅकिंग क्यूब

पॅकिंग क्यूब म्हणजे नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची, चेन असलेली आयताकृती पिशवी. ती प्रवासाच्या बॅगेत ठेवायची असते. वरची बाजू बहुधा जाळीची असते, त्यामुळे चेन न उघडता आतले कपडे दिसतात. मोठ्या क्यूबचे माप साधारण ३५ × २५ × १० सेंटिमीटर, म्हणजे आत सुमारे पावणेनऊ लिटर जागा. चार माणसांना प्रत्येकी एक मोठा, एक मधला आणि मोजे-रुमालांसाठी एक छोटा, असे बारा क्यूब पुरतात, असे विकणारे सांगतात. विकणाऱ्यांनी डहाणूच्या मसोलीतले कुटुंब प्रवासाला निघताना पाहिलेले नसते.

पिशवीत पिशवी ठेवण्याची कला मराठी घराला नवी नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली एक पिशवी असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या असतात. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आली तेव्हा हा साठा कमी होईल अशी अपेक्षा होती. उलट, आता मिळणार नाहीत म्हणून आहेत त्या जास्तच जपल्या गेल्या. साडीचे पारदर्शक कव्हर तर क्यूबचे थेट पूर्वजच म्हणायला हवे: तेही चेनचे, तेही आतले दाखवणारे. त्याआधी ट्रंक होती, वळकटी होती, कातडी पट्ट्यांचा होल्डॉल होता. होल्डॉलच्या दोन टोकांच्या कप्प्यांत गादीखेरीज काय काय मावायचे, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

क्यूब येण्यापूर्वीची पद्धत अशी: सराफाच्या पिशवीत औषधे, औषधांच्या दुकानाच्या पिशवीत चपला आणि साडीच्या दुकानाच्या देखण्या पिशवीत सुके बोंबील. या पद्धतीत तत्त्वतः काही चूक नव्हती. फक्त कशात काय आहे ते घरातल्या एकाच व्यक्तीला ठाऊक असे आणि गाडीत टॉवेल हवा असतो नेमका तेव्हा ती व्यक्ती झोपलेली असे. मग उरलेले सगळे मिळून सहा पिशव्या उपसत, आणि शेवटी तिला उठवून विचारत.

मसोलीहून निघणाऱ्या सामानाची पहिली परीक्षा रिक्षात होते, दुसरी डहाणू रोड स्थानकावर. चर्चगेटहून येणारी लोकल एप्रिल २०१३पासून डहाणू रोडपर्यंत येते. हे अंतर १२४ किलोमीटर. पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्याला दादरला उतरून, पश्चिम रेल्वेचा फलाट सोडून, पूल चढून मध्य रेल्वेच्या फलाटावर जावे लागते. (डहाणूची महालक्ष्मी विवळवेढ्याला, घरापासून तासाभराच्या आत आहे. पण कोल्हापूरची महालक्ष्मी दादरच्या पुलावरून गेल्याशिवाय भेटत नाही.) या पुलावर सामानाचे वजन फारसे आड येत नाही, कारण ते वाटून घेता येते. आड येतो तो नगांचा आकडा.

नग मोजणे हे कुटुंबप्रमुखाचे काम आहे आणि तो ते गांभीर्याने करतो. घरी निघताना नऊ, रिक्षातून उतरताना नऊ, लोकलमध्ये फळीवर आठ. येथे आरडाओरडा होतो, बाकाखाली वाकून पाहिले जाते, शेजारच्या प्रवाशाच्या बॅगेकडे संशयाने पाहिले जाते. नववा नग मोजणाऱ्याच्याच खांद्याला लटकत असतो. क्यूबचा खरा फायदा येथे आहे. सुटे नऊ नग दोन बॅगांच्या पोटात जातात, आणि दोन नग मोजताना सहसा चूक होत नाही.

वाटणीचे शास्त्र सोपे दिसते: प्रत्येकाला एक रंग. निळा बाबांचा, लाल आईचा, हिरवा आणि पिवळा मुलांचा. अडचण अशी की कुटुंबाच्या सामानातला बराच भाग कोणाचाच नसतो. टॉवेल, टूथपेस्ट, चार्जर, औषधे, कपडे वाळत घालायची दोरी हे सगळे ‘घरचे’ असते आणि ते शेवटी लाल क्यूबमध्ये जाते. लाल क्यूबची मालकीण मग स्वतःचे दोन ड्रेस हिरव्या क्यूबमध्ये कोंबते, आणि रंगांची व्यवस्था पहिल्या मुक्कामालाच संपते. यावर उपाय म्हणजे ‘घरचे’ म्हणून एक वेगळा क्यूब पहिल्यापासून ठेवणे. टी-शर्ट, पायजमे गुंडाळून ठेवले तर जागा कमी लागते आणि एक उपसताना बाकीचे विस्कटत नाहीत. काठपदराची साडी मात्र गुंडाळायची नसते. तिला जुने कव्हरच बरे.

काही क्यूबना दुसरी चेन असते. ती ओढली की कपड्यांतली हवा निघून जाते आणि जाडी कमी होते. वजन मात्र तेवढेच राहते, हे पुष्कळांना विमानतळाच्या काट्यावर कळते. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारण १५ किलो सामान आत देता येते आणि ७ किलो हातात. रेल्वे उदार आहे: स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो फुकट. म्हणजे चौघांना १६० किलो नेता येतात. ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे, हे काही घरांत सांगावे लागते.

आता क्यूबमध्ये काय ठेवू नये ते. पहिला चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याआधीही तो दिल्याशिवाय येथून पाहुणा परत गेलेला नाही. चिकू कडक असताना उतरवतात आणि तो नंतर पिकतो. पिकताना त्यातून इथिलीन वायू सुटतो, कोंडलेल्या जागेत एक पिकला की शेजारचेही घाई करतात, आणि दाबाची चेन ओढलेली असेल तर पांढऱ्या शर्टाचे पुढे काय होते ते सांगायला नको. त्याला कागद घातलेला पुठ्ठ्याचा खोका लागतो. दुसरे बोंबील. बांबूच्या वलांडीवर वाळलेल्या बोंबलाचा वास जाळी अडवू शकत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यावर पिशवी, आणि तरीही सहप्रवाशाशी आधीच गोड बोलून ठेवणे.

तिसरा वर्ग ‘असू दे’चा. मे महिन्यात कोकणात जाताना स्वेटर, लग्नघरी जाताना टॉर्च, नारळाच्या वाडीत जाताना नारळ. बॅगेची चेन लागल्यावर घरातील ज्येष्ठ स्त्री ती पुन्हा थोडी उघडते आणि त्या फटीतून विक्सची डबी, आमसुले, सुतळी आत सरकवते. हा वर्ग कोणत्याही क्यूबमध्ये बसत नाही आणि तो बंद करण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत. विक्स, हे मान्य करावे लागेल, दर वेळी लागते.

परतीच्या वाटेवर मळके कपडे घडी न करता कोंबल्याने जास्त जागा खातात. शिवाय बोंबलाचा डबा रिकामा परत येत नाही, त्यात समोरच्याचे लाडू असतात, आणि ओटीतले ब्लाउजपीस वेगळेच. म्हणून जाताना एक मोठा क्यूब मुद्दाम रिकामा न्यावा. घरी आल्यावर क्यूब हाताने साबणात धुऊन सावलीत वाळवावेत.

वाळल्यावर त्यांतल्या एकात विजेची बिले जातात, एकात बटणे आणि रिळे, एकात मुलाचे क्रिकेटचे हातमोजे. पुढच्या प्रवासाच्या आदल्या रात्री एकही रिकामा सापडत नाही आणि सराफाची पिशवी पुन्हा बाहेर निघते. घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच चार जास्त घ्यावेत.