स्थानिक मच्छीमारांच्या मते

बंदर, धक्का, बंधारा, खाडीतला गाळ यांवरचा कुठलाही अहवाल उघडा. नकाशे संपले, आलेख संपले की एक वाक्य येतंच : ‘स्थानिक मच्छीमारांच्या मते...’ पुढे काहीही असतं. प्रवाहाची दिशा बदलली, वाळू पूर्वी जास्त होती, सरंगा आता दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, किनाऱ्यावर सभा भरली असेल, शे-दोनशे कोळी जमले असतील, वाद झाला असेल, शेवटी एकमत झालं असेल. तसं काही नसतं. तो एकच माणूस असतो. प्रत्येक बंदराचा एकेक ठरलेला असतो. पाचूबंदरचा मला माहीत आहे.

गाव त्याला तांडेल म्हणतं. सर्व्हेची मुलं काका म्हणतात. मोठे साहेब नाखवा म्हणतात, कारण गाण्यात त्यांनी तेवढंच ऐकलेलं असतं. बायको त्याला काहीच म्हणत नाही, नुसती बघते.

पाचूबंदर वसईच्या किल्ल्याला लागून. उल्हास नदी इथे वसईची खाडी होऊन समुद्राला मिळते, आणि जिथे नदी समुद्राला मिळते तिथे अभ्यासक जमतात. गाळ, लाटा, खारं-गोडं पाणी, वाळूउपसा, किनाऱ्याची धूप, सगळं एका ठिकाणी. शिवाय लोकलने येता येतं आणि दुपारी ताजे बोंबील मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि रस्त्याने चाळीसेक किलोमीटरचा वळसा घालणाऱ्या गाड्या खाडी ओलांडू लागल्या, तेव्हापासून तर जलवाहतुकीचे अभ्यासकही वाढले. किल्ल्यात चिमाजी आप्पा शोधणारे आणि किल्ल्याबाहेर गाळ शोधणारे, अशा दोन रांगा रविवारी दिसतात. पाठीवरच्या पिशव्या सारख्याच असल्याने चुकामूक होते. मग १७३९ची लढाई विचारायला आलेल्याला तांडेल गाळाची माहिती देतो. तोही ती लिहून घेतो.

माणूस कुठून आला हे तांडेल पायांवरून ओळखतो. बूट घालून चिखलात उतरला तर पवईच्या आयआयटीचा. बूट हातात घेऊन उतरला तर पुण्याचा. चपला घालून आला आणि आधी मासळीचा भाव विचारू लागला तर गोव्याचा, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतला. वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेतली मुलं थेट टोपलीत हात घालतात, मासा फाडून त्याच्या पोटात काय आहे ते बघतात. ‘‘माशानं काय खाल्लं ते बघाया येतात, आमी काय खाल्लं ते कोण बघत नाय,’’ हा तांडेलचा नेहमीचा विनोद. त्यावर मुलं हसतात. तांडेल हसत नाही.

पुण्यावर मात्र त्याचा विशेष लोभ, कारण पुण्याला त्याने समुद्र पाहिला आहे. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी सुरू झालेलं. देशातली कितीतरी बंदरं आधी तिथल्या शेडमध्ये तयार होतात आणि मग समुद्रात. जमिनीवर किनारा घडवतात, यंत्राने लाटा सोडतात, बारा तासांची भरती-ओहोटी काही मिनिटांत उरकतात. उभं माप आडव्यापेक्षा वाढवून धरतात, नाहीतर समुद्र बोटभरही खोल होणार नाही. कुठल्याशा कार्यशाळेच्या निमित्ताने तांडेलला तिथे नेलं होतं. त्याने प्रतिकृतीभोवती एक फेरी मारली, वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

‘‘गोडं हाय.’’

बरोबरच्या इंजिनिअरने सांगितलं, लाटांच्या हिशेबाला मीठ लागत नाही.

‘‘आमच्या हिशेबाला लागतं,’’ तांडेल म्हणाला. हा किस्सा तो स्वतः सांगतो, त्यामुळे त्याचं शेवटचं वाक्य तिथे सुचलं की परतीच्या गाडीत, याची खात्री देता येत नाही.

मुलाखत द्यायची त्याची रीत पाहण्यासारखी. पहिला प्रश्न नेहमी तोच : ‘‘काका, पूर्वीपेक्षा मासळी कमी झाली का?’’ पहिल्या प्रश्नाला तांडेल उत्तर देत नाही. खाडीच्या मुखाकडे बघत राहतो. हे बघणं चांगलं मिनिटभर चालतं. या मिनिटात नवी मुलं भारावून जातात. एका मुलीने आपल्या वहीत ‘दीर्घ मौन’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. नंतर मी त्याला विचारलं, एवढं काय बघत होतास? म्हणाला, चष्मा घरी राहिला, बोट कोणाची येते ते कळत नव्हतं.

मग तो उलट प्रश्न टाकतो. ‘‘आज तिथी काय?’’ मुलांना तारीख माहीत असते, तिथी नसते. तांडेल समाधानाने मान हलवतो. ‘‘षष्ठी. सहाची पाऊणपट किती? साडेचार. साडेचारला पुरी भरती.’’ तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. कोणीतरी मोबाईल उघडतो आणि चाचरत सांगतो, काका, यात चार बेचाळीस आहे. ‘‘बारा मिनटं चुकतो तुमचा मोबाईल,’’ तांडेल सांगतो. आता, मुंबईच्या अपोलो बंदरावर भरती-ओहोटी मोजायला १८७८ साली सुरुवात झाली, त्या नोंदींच्या जोरावर आजचे तक्ते उभे आहेत. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, पाऊणपटीचा हिशेब पंचेचाळीसच धरतो. रोजची पाच मिनिटं साचत जातात. हे मी तांडेलला एकदा समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘‘पाच मिनटात कोण बुडत नाय.’’

खोलीचं तर विचारूच नका. तांडेल खोली वावेत सांगतो. वाव म्हणजे दोन हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत. पुस्तकात सहा फूट धरतात. तांडेल बुटका आहे. त्याची वाव पाच फुटांच्या पुढे जात नाही. त्याचा पुतण्या ताडमाड. तोच दोर त्याने हाताने मोजला तर तीच जागा दीड-दोन वावांनी उथळ होते. दोन वेगवेगळ्या टीमनी दोघांना वेगवेगळ्या वर्षी विचारलं असेल, तर मधल्या काळात खाडीमुखाशी गाळ साचल्याचा निष्कर्ष कुणीतरी काढला असणार, याबद्दल मला शंका नाही.

एवढं वाचून कोणी त्याला थापाड्या म्हणेल, तर ते खरं नाही. प्रवाहाबद्दल बोलायला लागला की तांडेल दुसराच माणूस होतो. इथली मासेमारी डोलीची. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं; समुद्राच्या तळात खुंट रोवून त्याला बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. जाळं ओढायचं नसतं. पाणी स्वतः मासे आणून घालतं. उधाणाला पाण्याला जोर असतो तेव्हा बोंबील येतात; भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं, जाळं लोळत पडतं, बोटी किनाऱ्याला. म्हणजे प्रवाह कुठे, किती, कोणत्या थरात, कधी फिरतो, यावर ज्याचं पोट आयुष्यभर चाललं तो हा माणूस. लाखोंचं यंत्र तळाशी ठेवून पंधरा दिवसांत जे कळतं, ते त्याला खुंटाच्या कलण्यावरून कळतं. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याबद्दल तो म्हणतो, ‘‘हिथं दगड टाकला की दर्या रागावत नाय, शेजारच्याच्या घरात जातो.’’ बंधारा संपतो तिथून पुढे किनारा जास्त झिजतो, हे किनारा-अभियांत्रिकीच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. तांडेलने ते प्रकरण चुलत्याच्या ओटीवर उभं राहून पाहिलं, गुडघाभर पाण्यात.

आता त्या पिवळ्या बोयाबद्दल. लाटा मोजणारा एक तरंगता गोळा असतो. समुद्रात नांगरून ठेवतात, तो लाटेबरोबर वर-खाली होतो आणि उंची, दिशा, दोन लाटांमधला वेळ किनाऱ्यावर कळवत राहतो. कुठल्या संस्थेचा होता ते सांगत नाही. त्याची साखळी तुटली आणि तो एका बोटीच्या जाळ्यात आला. बोटवाल्याने तो अर्थातच तांडेलकडे आणून दिला, कारण सरकारी वस्तू आणि तांडेल यांचा काहीतरी संबंध असतो असं गाव मानतं. तांडेलने तो ओटीवर ठेवला. यंत्र चालूच होतं. तिकडे संगणकावर दिसलं ते असं : आधी बोया बऱ्याच वेगाने पाचूबंदरच्या दिशेने निघाला, नंतर समुद्र संपूर्ण शांत झाला, लाटेची उंची शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर अचानक छोट्या, अनियमित, जोरदार लाटा सुरू झाल्या आणि संध्याकाळी दिवेलागणीला एकदम थांबल्या. तांडेलची नातवंडं त्यावर घोडा घोडा खेळत होती. साहेब मंडळी बोया न्यायला आली तेव्हा तांडेलने त्यांना चहा दिला आणि विचारलं, ‘‘आमच्या ओटीवर लाटा किती फुटाच्या होत्या?’’

वाढवणचा विषय निघाला की तांडेलचा विनोद संपतो. जून २०२४ मध्ये केंद्राने डहाणूजवळच्या या बंदराला मंजुरी दिली : ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर जमीन, दहा किलोमीटरहून लांब ब्रेकवॉटर. बंदरवाल्यांच्या दृष्टीने जागा सोन्यासारखी, कारण किनाऱ्याजवळच वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली. जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं सहज लागतील. मच्छीमारांच्या दृष्टीनेही सोन्यासारखी, म्हणूनच त्यांचा विरोध. आधीचा एक प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने नाकारला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. तांडेल तिथे गेला होता, विरोध करायला. आणि त्याआधी समुद्राच्या सर्वेक्षणासाठी पुतण्याची बोट भाड्याने दिली होती, तीही त्यानेच.

‘‘हे कसं काय?’’ मी विचारलं.

‘‘दर्या मोजू नको असं मी कधी बोललो? मोज की. मोजून झाल्यावर भरू नको, एवढंच बोललो.’’

यावर मला उत्तर सुचलेलं नाही. बंदर हवं की नको यावर लेख लिहिणाऱ्यांनाही ते सुचलं असेल असं वाटत नाही.

या सगळ्या संशोधनाने तांडेलची भाषा बदलली आहे. ‘सेडिमेंट’ तो सेडमेंट म्हणतो, पण योग्य जागी म्हणतो. शेजाऱ्याने गटारात कचरा टाकला तर ‘इम्पॅक्ट असेसमेंट केलंस का रे?’ म्हणून ओरडतो. दर मुलाखतीनंतर त्याची एकच अट : अहवाल छापला की एक प्रत मला. पैसे कधी मागत नाही. निम्मे लोक प्रत पाठवतात. त्या प्रती येशूच्या तसबिरीखालच्या कपाटात नीट लावलेल्या आहेत. सगळ्या इंग्रजीत. नात त्याला ‘स्थानिक मच्छीमार’ कुठे आहेत ते पान शोधून देते, तो त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारतो आणि पुस्तक मिटतो. आपण बहुवचनात छापून येतो याचा त्याला अभिमान आहे. अहवाल लिहिणाऱ्यालाही ते बहुवचन सोयीचं. एका चहात अख्ख्या गावाचं मत मिळतं. दोघांचाही फायदा, तक्रार कोण करणार?

तक्रार करण्यासारखं एकच माणूस त्या घरात आहे. बोट आली की मासळी निवडायची, बर्फात घालायची, वलांडीवर बोंबील टांगायचे, पहाटे टोपली घेऊन बाजार गाठायचा, हे सगळं तांडेलीण करते. कोणत्या वर्षी कोणती मासळी किती आली, कोणत्या महिन्यात भाव पडला, हे तिला तोंडपाठ आहे, आणि त्यात वावेची भानगड नाही. रुपये सगळ्यांचे सारखेच असतात. तिला मात्र कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही. ती चहा आणून ठेवते तेव्हा मुलं रेकॉर्डर बंद करतात.

परवा एक पीएचडी करणारी मुलगी आली होती, टॅबलेट घेऊन. बंदरांच्या किनारी रोजगारावरच्या परिणामांचा अभ्यास. तांडेलने खाडीकडे बघायला सुरुवात केली होती, पण तिचा पहिला प्रश्न वेगळाच निघाला.

‘‘व्यवसाय? प्रत्यक्ष मासेमारी, मासळी विक्री, मजुरी, की इतर?’’

‘‘मासेमारी.’’

‘‘शेवटचं समुद्रात कधी गेलात?’’

तांडेल पुन्हा खाडीकडे बघू लागला. आतून आवाज आला, ‘‘थोरल्याच्या लग्नाआधी. त्याची पोरगी आता दहावीला हाय.’’

मुलीने बोट स्क्रीनवर अधांतरी धरलं. ‘‘मग इतर लिहू? इतर म्हणजे काय ते भरावं लागतं, नाहीतर हे पुढे जात नाही.’’

‘‘सल्लागार लिही.’’

‘‘मासिक उत्पन्न?’’

‘‘काय नाय.’’

‘‘काहीच नाही?’’

‘‘चहा आमचाच जातो. तुझं किती?’’

‘‘फेलोशिप आहे काका, पण सहा महिने जमा झालेली नाही.’’

तांडेलने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट, चष्मा लावून बघितलं. मग आत वळून ओरडला, ‘‘अगं, एक ताट जास्त लाव. अजून एक सल्लागार आलीय.’’

‘‘लावते,’’ आतून उत्तर आलं, ‘‘पण तिला सांगा, जेवल्यावर ते यंत्र घेऊन हिकडं चुलीजवळ बस. भाव मी सांगते.’’