शून्याचा सोस

समुद्री टाकीतले नायट्रेट मोजायचा एक छोटा संच मिळतो. एक मिलिलिटर पाणी, चार थेंब औषध, इवल्याशा चमच्याने एक चमचा भुकटी, अर्धा मिनिट हलवायचे, तीन मिनिटे थांबायचे. कुपीत गुलाबी रंग उतरतो. तो कार्डावरच्या गुलाबी रंगांशी जुळवायचा. रंग फारच फिका असला तर वरून न बघता बाजूने बघायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचे. ही सोय प्राप्तिकर खात्यानेही द्यायला हरकत नव्हती.

फॉस्फेटसाठी माझ्याकडे डिजिटल चेकर आहे. तो ०.०३ पीपीएम दाखवतो, आणि सोबतचे माहितीपत्रक बारीक अक्षरात सांगते की अधिक-उणे ०.०२ धरून चाला. म्हणजे प्रवाळ उपाशी आहेत किंवा व्यवस्थित जेवताहेत, यांपैकी काहीतरी एक. तरी वहीत आकडा मोठ्या गांभीर्याने चढतो.

हा उद्योग न्यू जर्सीतल्या तळघरात चालतो. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीत आहेत. त्यामुळे मालवणच्या खडकांवरचे प्रवाळ तिथेच बघावेत. इथे मात्र दुकानातून टाकीत वाढवलेल्या फांदीचा बोटभर तुकडा आणता येतो, आणि त्या तुकड्याबरोबर शून्याचा सोस घरात येतो.

प्रवाळ नितळ पाण्यात वाढतात हे खरे. म्हणून पाणी जितके रिकामे तितके उत्तम, अशी या छंदात बराच काळ समजूत होती. वास्तविक प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर स्वयंपाक करतात आणि त्यांना नायट्रोजन, फॉस्फरस दोन्ही लागतात. समुद्रात पाण्यातला अंश नगण्य असला तरी लाटांबरोबर खाणे सतत वाहत येते, शेजारी मासे विष्ठा टाकत असतात. टाकीत दोन्ही आकडे शून्यावर आणले की प्रवाळ फिकुटतात आणि वाळूवर तपकिरी, बुळबुळीत, बुडबुड्यांचा थर चढतो. हे डायनोफ्लॅजेलेट. एकदा बसले की उठता उठत नाहीत. शिवाय शून्य फसवेही असते. काचेवर हिरवे शेवाळ माजलेले आणि पाण्यात नायट्रेट नाही, याचा अर्थ शेवाळाने ते आधीच गट्ट केले, एवढाच.

म्हणून माझ्या फडताळात एका बाजूला फॉस्फेट शोषणारे लोहाचे तांबूस दाणे आहेत आणि दुसऱ्या बाजूला फॉस्फेट वाढवणारी बाटली. दोन्ही विकत आणलेली. दाणे घालून आकडा खाली आणावा, तर खडकांनी धरून ठेवलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटते. खडकांचा हा सावकारी स्वभाव कोणत्याच संचात मोजता येत नाही. नायट्रेट उतरवायला काही जण व्होडकाही घालतात. तिच्यातल्या कार्बनवर जिवाणू पोसतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट उचलतात आणि फेस काढणाऱ्या स्किमरमधून बाहेर पडतात. मापे अगदी थेंबांची. पण फडताळातली ती बाटली माशांसाठी आहे, हे पाहुण्यांना पटवण्याची मापे अजून निघालेली नाहीत.

अण्णा तासगावहून आले तेव्हा त्यांना मात्र दुसरीच बाटली दिसली. नायट्रेट वाढवायची. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी लेबल वाचले : पोटॅशियम नायट्रेट.

"हे तर आपलं तेरा-शून्य-पंचेचाळीस की! बागेत पोत्यानं टाकतो."

मग त्यांनी किंमत विचारली. ती डॉलरमध्येच सांगून मी विषय पुढे नेला. अण्णांनी नायट्रेटची तपासणी पूर्ण पाहिली, तीन मिनिटे मुकाट थांबले आणि म्हणाले, "ही झाली पाण्याची तपासणी. देठ कुणी तपासायचा?"

द्राक्षवाल्याचा प्रश्न बिनतोड होता. बागेत माती तपासतात, पण मातीत आहे ते वेलीने घेतले का, हे कळायला पानाचे देठ प्रयोगशाळेत पाठवतात. माझी कुपी सांगते ते सगळे उरलेले. प्रवाळांनी, जिवाणूंनी, शेवाळाने जेवून झाल्यावर पातेल्यात काय राहिले, त्याचा हिशोब. कोण किती जेवले, याचा पत्ता नाही. म्हणून नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ हे पट्टे मला हल्ली पुरतात. आकडा एका जागी टिकतो का, हे मी जास्त बघतो.

"प्रवाळाला देठ नसतो, अण्णा."

"मग पान बघायचं." ते काचेला नाक लावून बसले. "ही टोकं पांढरी का रे? लोह कमी पडतंय?"

"नाही, तिथून वाढतंय ते."

"वाढतंय ना? मग वही कशाला?"

आता ते तासगावात आहेत. रविवारच्या फोनवर नातवाच्या आधी नायट्रेटची चौकशी होते. दोनच्या खाली गेल्याचे सांगितले की म्हणतात, "टाक की थोडं." थोडं म्हणजे किती मिलिलिटर, असे मी विचारतो. पलीकडून उत्तर येते, "टाकी तुझ्यासमोर आहे की माझ्या?"