बाम्बर्गची भाजणी

माझा मेहुणा बिअर पीत नाही, तो बिअरचा अभ्यास करतो. हा फरक त्याने मला न्यूरेम्बर्गच्या स्टेशनवर समजावला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्याच्या पिशवीत दोन पेनं, त्याच्या बहिणीने, म्हणजे आमच्या हिने, केलेल्या दशम्या आणि एक वही होती. वहीत रकाने आखलेले: रंग, फेस, वास, चव, शेवट.

"शेवट म्हणजे काय रे?"

"घोट गिळल्यावर जिभेवर जे उरतं ते, दाजी."

आमच्याकडे शेवट म्हणजे बिल, एवढंच मला ठाऊक होतं.

निघालो होतो बाम्बर्गला. रेल्वेने तासाभराच्या आतलं हे गाव आमच्या कऱ्हाडाहून थोडं मोठं, आणि त्यात दहाच्या आसपास ब्रुअऱ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात रसवंत्या असतात तशा. फक्त इथल्या रसवंत्या पाचपाचशे वर्षं बारमाही चालू आहेत. गावातल्या काळ्या-तपकिरी बिअरी एकामागून एक प्यायच्या, तोलायच्या आणि पहिला नंबर काढायचा, असा मेहुण्याचा बेत. ही बिअर घेत नाही आणि मांसमच्छी तर मुळीच नाही. ती गाव बघायला आली होती. पण बहीणभाऊ दोघंही लासलगावचे. कांद्याच्या बाजारात वाढलेलं नाक घरी ठेवून येता येत नाही.

स्टेशनवरून गावात शिरताना ओबेरे क्योनिगस्ट्रासे नावाचा रस्ता लागतो. त्यावर दोन ब्रुअऱ्या समोरासमोर आहेत. एक १५३६ सालची श्पेत्सिआल, दुसरी १६४९ सालची फॅस्ला. पौडाच्या दोन एसट्या एकाच थांब्यावर लागाव्यात तशी प्रवाशाची पंचाईत. आम्ही वयाचा मान राखून आधी श्पेत्सिआलमध्ये शिरलो.

इथे टेबल रिकामं मिळायची वाट बघायची नसते. अनोळखी माणसांना विचारून त्यांच्या शेजारी टेकायचं. आमच्या वाट्याला एक आजोबा आले. अर्ध्या लिटरच्या ग्लासाला तिकडे 'झायडला' म्हणतात, आणि प्रत्येक झायडल्यागणिक बाई पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढून जाते. लहानपणी दूधवाला आमच्या भिंतीवर अशाच रेघा ओढायचा, आणि महिनाअखेरीस आई त्या रेघांवरून त्याच्याशी भांडायची.

बिअर आली. रंग तांबूस तपकिरी. मेहुण्याने ग्लास उजेडाकडे धरला, फिरवला, डोळे मिटले आणि वहीत लिहिलं: 'शेकोटी. जुनं चामडं. किंचित मध.' मी एक घोट घेतला. ओळखीचं काहीतरी होतं, पण नाव सुचेना. हिने ग्लास नाकाशी नेला, परत ठेवला आणि म्हणाली, "बंब."

"काय?"

"पाणी तापवायचा बंब. ओलं लाकूड घातलं की न्हाणीघरात जो वास कोंडतो, तो."

मी पुन्हा प्यालो. शंभर टक्के बंब! दिवाळीच्या पहाटेचा. मेहुण्याने 'जुनं चामडं' खोडलं.

समोरच्या फॅस्लात बोधचिन्हावर एक बुटका पिंप ढकलतोय आणि त्यांच्या गडद बिअरचं नाव 'त्स्वेर्गला', म्हणजे बुटकोबा. तिच्यात धूर नव्हता. मेहुणा 'कॅरॅमल, अक्रोड, भाजलेला पाव' असं लिहीत असताना ही म्हणाली, "काकवी. जरा जास्त आटलेली." मामला निकालात निघाला.

तोवर माझ्या मनात एक साधा प्रश्न आला होता: हा धूर बिअरमध्ये शिरतो कसा? मेहुणा याचीच वाट बघत होता. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मग ते वाळवून मोड थांबवायचे. याला माल्ट म्हणतात.

"म्हणजे नाचणीचं सत्त्व करतो तसंच की," ही म्हणाली.

तसंच. फक्त जुन्या काळी जव वाळवायचे ते लाकडाच्या आगीवर, त्यामुळे सगळीकडचंच माल्ट कमीजास्त धुरकट असायचं. पुढे धूर बाहेरच्या बाहेर काढून नुसत्या गरम हवेवर माल्ट वाळवायच्या भट्ट्या आल्या आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. बाम्बर्गमधल्या दोन घरांनी मात्र जुनी चाल सोडली नाही: श्पेत्सिआल आणि श्लेंकर्ला. दोघेही माल्ट स्वतःच करतात, बीच नावाच्या झाडाची लाकडं जाळून. नुसता काळेपणा हवा असेल तर धुराची गरज नसते. माल्ट जास्त भाजलं की झालं.

"मग भाजणी म्हण ना सरळ. उगाच अक्रोड आणि चामडं."

या वाक्यानंतर वही हिच्याकडे गेली ती परत आली नाही.

मधल्या वेळात गाव पाहिलं. रेग्निट्झ नदीच्या मधोमध, पुलाला धरून, जुनं नगरभवन उभं आहे. बिशपने जागा द्यायचं नाकारलं म्हणून लोकांनी नदीत खांब ठोकून बांधलं, अशी दंतकथा सांगतात. अतिक्रमणाची एवढी देखणी जागा मी दुसरी पाहिली नाही. वर कॅथेड्रलमध्ये पोप दुसरे क्लेमेंट यांची कबर आहे. आल्प्सच्या उत्तरेला पोपची एवढी एकच. तत्त्वज्ञ हेगेलचं 'फेनॉमेनॉलॉजी' १८०७ साली इथेच प्रसिद्ध झालं आणि नंतर तो इथल्या वर्तमानपत्राचा संपादकही होता. ते पुस्तक मला कधीच कळलं नव्हतं. दीड लिटरनंतर ते कळण्यासारखं असावं असं वाटू लागलं.

दुपारी एका खानावळीत (नाव सांगत नाही, चूक आमचीच होती) हिने फलकावर 'त्स्वीबल' हा शब्द ओळखला. त्स्वीबल म्हणजे कांदा. मेहुण्याने माहिती पुरवली की इथले माळी कांद्याची पात पायाने तुडवून पाडत, म्हणून बाम्बर्गकरांना 'कांदेतुडवे' म्हणतात. "आमच्याकडे मान आपोआप पडते," असं म्हणून लासलगावच्या लेकीने अभिमानाने कांदा मागवला. आला एक टोपी घातलेला भलाथोरला कांदा. टोपी उचलली तर आत डुकराचा खिमा. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी कांदा मी खाल्ला, दशम्या हिने खाल्ल्या, आणि मेहुण्याने विषय बदलला.

विषय बदलला तो नेमका श्लेंकर्लाकडे. डोमिनिकानरस्ट्रासेवरचं हे घर, याची पहिली नोंद १४०५ सालची. तुळया धुरकटलेल्या, आणि बिअर लाकडी पिंपातून आपल्या वजनाने ग्लासात उतरते. ती जवळजवळ काळी. उजेडात धरली तर कडेला माणकाची झाक. मेहुण्याने वास घेतला आणि त्याच्या तोंडून निसटलं, "बेकन!"

हिने खुर्ची मागे सरकवली. सकाळपासून मी जे हुंगतेय त्यात डुक्कर होतं का, एवढाच तिचा सवाल. मग मेहुण्याने कायद्याचा आधार घेतला. बव्हेरियाचा बिअरचा शुद्धतेचा कायदा १५१६ सालचा, आणि बाम्बर्गचा स्वतःचा त्याहून जुना, १४८९ सालचा: माल्ट, हॉप आणि पाणी, दुसरं काही नाही. पाच शतकांपूर्वी एका बिशपने काढलेला फतवा लासलगावच्या शाकाहारी बाईच्या उपयोगी पडला. तिने खुर्ची पुढे घेतली, वास घेतला आणि बराच वेळ गप्प राहिली.

"चुलीवर लागलेलं दूध," ती म्हणाली. "आजीकडचं."

टेबलावरच्या गृहस्थांनी सल्ला दिला: पहिल्या ग्लासाला आवडणार नाही, तिसऱ्याला सोडवणार नाही. मला पहिल्यालाच सोडवेना. ही म्हणाली, "तिसऱ्याला तर कुणालाही काहीही आवडेल."

श्लेंकर्ला हे नाव पडलं एका जुन्या मालकाच्या डुलत चालण्यावरून. मला पुण्यात २००९ साली निघालेली डुलाली ब्रुअरी आठवली. ते नाव आपल्या देवळालीवरून, मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत डोकं फिरलेल्या गोऱ्या सोल्जरांच्या बोलीतून आलेलं. डुलणाऱ्याची आठवण ठेवायला बिअरसारखी जागा नाही. बाहेर पडलो तेव्हा मीही त्या मालकाच्या चालीचा अभ्यास करत होतो.

शेवटची १५३३ सालची क्लोस्टरब्रॉय. तिथल्या काळ्या बिअरचं नाव 'श्वेर्त्सला', म्हणजे काळुबाई म्हणा ना. धूर नाही, गोडी बेताची, मागे खमंग कडसरपणा. हिने विचार न करता लिहिलं, 'भाजणी. धणे कमी.'

निकाल असा: पहिला नंबर लागलेल्या दुधाचा, दुसरा भाजणीचा, तिसरा बंबाचा, उत्तेजनार्थ काकवी. मेहुण्याला निकाल मान्य नाही, पण वही हिच्याकडे आहे.

कुणी जाणार असाल तर बंबापासून सुरुवात करा आणि लागलेलं दूध पोट रिकामं असताना घेऊ नका. येताना माणशी दोन लिटर आणता येतं, म्हणजे चार बाटल्या. वांग्याच्या भरिताबरोबर एक उघडा. आणि कांदा मागवलात तर आधी टोपी उचलून बघा.