पोच्याचे प्रकरण

महसूल खात्यात दप्तर सांभाळण्यात उभी हयात घालवलेल्या गृहस्थाच्या पदरी सवड, निवृत्तिवेतन आणि संगीतश्रवणाचे वेड ही तिन्ही एकाच वेळी पडली म्हणजे जो मनुष्यविशेष निर्माण होतो, त्याचा अस्सल नमुना पाहावयाचा असल्यास जामखेडास यावे आणि आमच्या अण्णांच्या ओसरीवर घटकाभर बसावे; घटकाभर अशासाठी की, त्याआधी ते उठू देत नाहीत.

अण्णांच्या डाव्या स्पीकरमधील ट्विटरच्या रेशमी घुमटास नातवाच्या तर्जनीने मुगाच्या डाळीएवढा पोचा पाडला, ही वस्तुस्थिती निर्विवाद आहे. तो काढावा किंवा कसे, एवढाच वाद आहे. दुरुस्तीवाल्या पोराने पाहताक्षणी, "काका, सेलोटेप चिकटवून हलकेच उचलतो, मिनिटाचं काम," असे म्हटले आणि तेथेच तो अण्णांच्या मनातून उतरला; कारण मिनिटात उरकणाऱ्या कामास विचाराचे अधिष्ठान नसते, ही त्यांची नोकरीपासूनची श्रद्धा. शिवाय घुमटामागची कॉईल चुंबकाच्या ज्या फटीत हलते ती जेमतेम केसभर रुंदीची; टेप ओढताना कॉईल तिरकी होऊन कायमची खरखर मागे लागली, तर जबाबदार इसम कोण?

उलट बाजूची कैफियतही त्यांनी नोंदवून घेतली आहे. ट्विटरकडे साधारणतः तीन हजार हर्ट्झच्या वरचा मुलूख, म्हणजे टाळझांजांची किणकिण आणि तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी. आणि तारुण्यात वीस हजारांपर्यंत जाणाऱ्या मानवी कानाचा वरचा पट्टा साठी उलटेपर्यंत बहुतांशी खालसा झालेला असतो. सबब, जो दोष ऐकू येण्याचाच संभव नाही तो दोष मानावा काय? याची शहानिशा करण्यासाठी अण्णा डावा स्पीकर उजवीकडे व उजवा डावीकडे मांडून, डोळे मिटून, एकच भैरवी पुनःपुन्हा ऐकतात. निष्कर्ष हाती येणार तोच दारावरून वरातीचा बॅन्जो जातो, नाहीतर वीज जाते. "अहो, वाजतंय ना? मग बास की!" ही काकूंची साक्ष 'अप्रस्तुत' असा शेरा मारून त्यांनी दप्तरी दाखल केली.

याच तालुक्यातील खर्ड्यास १७९५ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजामास कोंडले, तेव्हा तहावाचून गत्यंतर नाही हे त्याला थोड्याच दिवसांत उमगले. पण निकाल लांबविण्याचा कचेरीतला अनुभव त्या बिचाऱ्याच्या गाठी नसावा.

अखेर पुण्याच्या चिरंजीवांनी त्रासून त्याच बनावटीचा नवा ट्विटर धाडून दिला, आणि मूळ प्रश्न सुटण्याऐवजी त्याला पोटप्रश्न फुटला: वर्षानुवर्षे वाजून मुरलेल्या उजव्याशी हा कोरा डावा एकजीव कसा व्हावा? बदलायचेच तर जोडीने बदलावे काय? तूर्त नवा ट्विटर खोक्यासकट कपाटात जप्त असून पुढील सुनावणी दिवाळीनंतर मुक्रर झाली आहे. मात्र नातू दिवाळीलाच येणार, हे काकूंनी नजरेस आणल्यावरून उजव्या स्पीकरास तारेची जाळी बसविण्याचा स्वतंत्र प्रस्ताव अण्णांनी कालच विचारार्थ घेतला.