कळेलकर

खरं आडनाव वेगळं आहे. पण 'कळेलच की!' हे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा निघतं की ऑफिसात सगळे त्यांना कळेलकरच म्हणतात. हिंजवडीतल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत डोकवा, एक तरी कळेलकर सापडतोच. वीसेक वर्षांचा अनुभव, गळ्यात ओळखपत्र आणि शब्द खर्च करायची मनापासून नावड. घरी बोलावताना पत्ता सांगतात, "कोथरूडला या, मग कुणालाही विचारा." व्हॉट्सॲपवर निरोप येतो, "झालं." काय झालं, कुणाचं झालं, पेढे आणायचे की पांढरे कपडे घालून निघायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आजवर हे खपलं, कारण कळेलकरांच्या आजूबाजूला माणसं होती. माणूस चेहरा वाचतो, शेजारच्याला विचारतो, अगदीच अडलं तर कोड उघडून बघतो. मग ऑफिसात एआय एजंट आला, सांगितलेलं काम 'टूल्स' म्हणजे छोटे प्रोग्रॅम वापरून उरकणारा. एजंटला कळेलकरांचा चेहरा दिसत नाही आणि टूलच्या आतला कोडही दिसत नाही. त्याच्यापुढे येतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशी भरायची त्याचा तक्ता. तेवढ्यावरून त्याने कोणतं टूल उचलायचं ते ठरवायचं.

रजेच्या कामाची टूल्स कळेलकरांनी लिहिली. एकाचं नाव 'लीव्ह', दुसऱ्याचं 'लीव्ह टू', मग 'लीव्ह फायनल' आणि त्याच्या पाठीवर 'लीव्ह फायनल न्यू'. चौघांचं वर्णन एकच: "रजेसाठी."

पहिल्याच दिवशी अकाउंट्समधल्या काकूंनी एजंटला विचारलं, "माझी किती रजा शिल्लक आहे?" एजंटने चारांतलं एक टूल उचललं आणि होती नव्हती तेवढी सगळी रजा टाकून मोकळा झाला. शिल्लक विचारायला आलेल्या काकू शून्य घेऊन परतल्या. दुसऱ्या एकाने मेहुणीच्या लग्नासाठी 5 जूनची रजा मागितली. तक्त्यात नुसतं 'तारीख' लिहिलेलं. एजंटने 05/06 भरलं, टूलने ते अमेरिकन रीतीने वाचलं आणि गृहस्थांना 6 मेची रजा मंजूर झाली.

एजंटमागच्या एआय मॉडेलबद्दल कळेलकरांचं निदान तयारच होतं. "मॉडेल ढ आहे. मोठं घ्या."

शेवटी नुकतीच कॉलेजातून आलेली एक मुलगी बसली आणि तिने चाराची दोन टूल्स केली. नावंच अशी, की एक शिल्लक दाखवणार आणि दुसरं अर्ज करणार. पहिल्याखाली लिहिलं: "कर्मचाऱ्याची शिल्लक रजा फक्त दाखवते. अर्ज करत नाही. त्यासाठी दुसरं टूल वापरा. कर्मचारी क्रमांक लागतो, नाव चालत नाही." दुसऱ्याखाली, तारीख 2025-06-05 अशीच लिहायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कळेलकरांचं टूल चुकल्यावर नुसतं 'एरर' म्हणायचं. हिचं टूल काय चुकलं आणि कसं भरायचं ते सांगू लागलं, त्यामुळे एजंट स्वतःच सुधारून पुन्हा पाठवू लागला. मॉडेल तेच होतं, ढ.

"हे काय बालवाडीचं पुस्तक लिहिलंस?" कळेलकर म्हणाले.

तिने त्यांना अँथ्रॉपिक या एआय कंपनीचा डिसेंबर 2024 मधला लेख दाखवला. कोड दुरुस्त करणारा एजंट घडवताना त्या कंपनीचा मुख्य सूचनांपेक्षा टूल्स सुधारण्यात जास्त वेळ गेला होता. एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये शिरला की फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुकायचा. त्यांनी टूलमध्येच पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि ती चूक थांबली. कळेलकरांनी लेख शांतपणे वाचला. मग समाधानाने म्हणाले, "बघ, त्यांचंही मॉडेल ढच."

पुढे वरून फर्मान आलं, वर्णनं सविस्तर लिहा. दुखावलेल्या कळेलकरांनी लिहिलं: "सदर टूल हे कर्मचाऱ्यांच्या रजाविषयक बाबींसंदर्भात, प्रचलित धोरणास अधीन राहून, आवश्यकतेनुसार यथोचित कार्यवाही करते." रजा दाखवते की टाकते, याचा पत्ता अजूनही नाही. वर हा सगळा मजकूर दर वेळी एजंटपुढे जातो आणि त्याच्या टोकनांचं, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांचं, बिल कंपनी भरते. मंत्रालयातल्या फायलीला निदान दर पानाचे पैसे पडत नाहीत.

तुमच्याकडेही कळेलकर असतीलच. त्यांनी लिहिलेली वर्णनं एजंटला द्यायच्या आधी ऑफिसातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने तो कोड कधी पाहिलेला नाही. कोणतं टूल केव्हा वापरायचं ते त्याला सांगता आलं, तर पुढे जा. फक्त तो वाचत असताना कळेलकरांना खोलीबाहेर पाठवा. ते खुणा करतात.